राखीव पत्ते

मनोरीच्या आमच्या घराला नंबर नाही.
कुरिअरवाला जेट्टीवरूनच फोन करतो.
मी सांगते, सुकटीच्या ओट्यांनंतर डावीकडे, निळं दार.

कौलांवर आता तबकडी आहे,
उत्तरेकडे मान वळवून.
खाली फळीवर दोन राउटर,
एक कंपनीचा, एक जयवंतचा जुना,
दोघंही पत्ते वाटायला निघालेले,
एका पंगतीत दोन वाढपी.
टीव्हीच्या पानात दोनदा, प्रिंटर उपाशी.

रात्री साडेअकराला मी जुन्याला बजावलं,
तू फक्त वाट दे, पत्ते देऊ नकोस.
मग आईची बर्फाच्या हिशोबाची वही घेतली,
मागच्या कोऱ्या पानावर लिहिलं
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक,
आणि त्यापुढे दोन ते वीस राखीव.
दोन, मासळीच्या फ्रीझरवरची डबी.
तीन, दारावरचा कॅमेरा.
चार, आईचा फोन.

जयवंत जहाजावरून विचारतो, कॅमेरा दिसत का नाही?
अरे, बाहेरून बघशील तर
कुठली कुठली शेकडो घरं मिळून
आपला एकच पत्ता आहे.
इथून हाक मारता येते,
तिथून मारलेली
कुणाच्या दाराशी न्यायची, हे वर कुणाला ठाऊक नाही.

आई वहीत डोकावली. पाच कोनाला?
म्हटलं, रिकामा आहे.
"र्‍हाऊ दे. तो आयला का लागंल त्याला."
आणि पाचापुढे तिनंच एक टिंब काढलं,
पेन्सिलीनं.