एष्टु छंद

रात्री साडेदहाला मी पंप बंद करतो.
दहा मिनिटं. जास्त नाही.
पहिली तीन जातात पाणी निवळण्यात:
कोळंबीनं टाकलेली कात, माशांच्या खाण्याचा चुरा,
दिवसभर गरगरणारं सगळं
सावकाश दगडांवर बसतं.
तोवर मी काच घासून घेतो
उद्यमबागच्या कारखान्यातल्या जुन्या गेटपासनं.
पासवरचा मी अजून तेवीस वर्षांचा,
गालावर जांभळं कीट.

लेन्स काचेला काटकोनात धरायची.
केसभर कलली की पॉलिपच्या कडा फाटतात.
तीस वर्षं मी बेअरिंगच्या रिंगा मोजल्या,
मायक्रॉनवर पगार घेतला,
पण रिंग कधी अंग चोरून घेत नाही
तुमची सावली पडली म्हणून.
निळ्या दिव्याला कॅमेरा भुलतो,
त्यासाठी भिंगावर कुंद्याच्या डब्याचा केशरी कागद.
(ही युक्ती माझी नाही. जिची आहे ती पुढं येईल.)

टाकी ठेवलीय तिथं पूर्वी माग होता.
वडगावात आमच्या गल्लीत घरोघरी असा खड्डा,
खड्ड्यात पाय सोडून विणकर बसायचा.
हा सासऱ्यांनी स्वतः बुजवला, वर फरशी घातली.
मी घरजावई, मी फरशीवर समुद्र आणला,
दोन फुटांचा.
आरओचं पाणी, पुड्यातलं मीठ.
खरा समुद्र चोर्ला घाट उतरून,
आणि तो आम्ही दोघांनी मिळून दोनदा पाहिलाय.

चंपा टाकीच्या मागं उभी राहते
काळं लुगडं दोन्ही हातांनी ताणून,
नाहीतर पाण्यातून भिंतीवरचं कॅलेंडर दिसतं,
गॅस बुक केल्याच्या तारखा दिसतात.
"किती वेळ करालास? हात भरून आले की."
"एकच. श्वास घेऊ नकोस."
"मी श्वास घेतला म्हणून तुझं फूल हलालंय व्हय?"
हलतं. पण ते मी बोलत नाही.

मी सगळ्यांना फूलच म्हणायचो.
एकदा स्टुडिओतून मोठी प्रत काढून आणली,
तर तिनं ट्रंकेतून वडिलांचं भिंग काढलं,
इंचातले धागे मोजायचं, पितळेचं, घडीचं,
आणि फोटोवर ठेवून वाकली.
"आठ बोटं हैत. प्रत्येक बोटाला दोन्हीकडनं झालर.
डावीकडचं तिसरं तुटलंय. धोटा चुकला की
काठ असाच दिसतोय."
तुटलेलं मला दिसलं नव्हतं.
माझं भिंग अठ्ठावीस हजारांचं आहे.

शेजारची गंगव्वा विरजण मागायला येते,
टाकीसमोर वाटी धरून उभी राहते.
"एष्टु छंद अद री!"
मला बरीच वर्षं वाटायचं ती टोचून बोलतेय,
केवढा हा छंद तुम्हाला,
आणि मी घाईघाईनं सांगायचो
की विजेचं बिल तसं फार येत नाही.
ती मान डोलवायची. तिला बिलाचं काय.
कन्नडात छंद म्हणजे सुंदर,
हे मला निंगाप्पानं कँटीनमध्ये सांगितलं,
निवृत्तीला चार महिने उरले असताना.

परवा चंपाला शिंक आली.
लुगडं खाली, आणि माझं बोट दाबलं गेलेलं.
पॉलिप स्वच्छ आलंय, आठही बोटं,
तिसरं आता नव्यानं फुटतंय, आखूड.
मागं, पाण्यापलीकडं, चेहरा:
डोळे मिटलेले, तोंड उघडं,
आणि नाकातली चमकी
पुसट होत होत बशीएवढी, सोन्याची,
कारण फोकस तिच्यावर नव्हता.
इतकी वर्षं फोटोंतला तो सगळा काळोख
तीच धरून उभी होती, तरी नव्हता.

"पुसून टाक तो," ती म्हणाली. पुसला नाही.
गंगव्वाला दाखवला. गंगव्वा म्हणाली तेच,
जे ती नेहमी म्हणते.
या वेळी मी बिलाचा विषय काढला नाही.

अकरा मिनिटं होऊन गेली होती.
पंप चंपानंच लावला.