पिवळा आणि निळा

कागद माझ्याकडे आला, कारण माझं अक्षर वळणदार.
एकतीस वर्षं नगररचनेत ट्रेसर होतो,
दुसरं काही नसलं तरी अक्षर उरलंय.
'वकिलाला कशाला पैसे? तुम्हीच खरडा,' इंगवले म्हणाले
आणि फुलेवाडी रिंगरोडच्या मागची आमची सुभद्रा कॉलनी
व्हरांड्यात चपला काढून बसली.

विषय : प्लॉट नंबर अकरा. नियोजित पशुचिकित्सालय.
रहिवासी विभागात नको, याबाबत हरकत.

रस्ता सहा मीटर, त्यात हुक्केरींची गाडी कायम तिरकी
(हे हुक्केरी वहिनींनी खोडायला लावलं).
रात्री भुंकणं. परीक्षेची पोरं.
सुया, बोळे, धुतलेलं रक्त जाणार कुठं?
पंचगंगा फुगली की आमचं गटार आधीच
उलटं फिरून न्हाणीत येतं.
'मेलेलं जनावर दारावरनंच नेणार काय?'
बागवानांच्या नाझनीननं विचारलं, हळू.
त्यावर कोण काही बोललं नाही.
मी तेही लिहून घेतलं.

मुद्दे खरे होते. कुणी दुष्ट नव्हतं.
चहा झाला. सह्या झाल्या. पहिली इंगवल्यांची,
नेहमीसारखी कागदाबाहेर जाणारी.

नकाशात रहिवास पिवळा, दुकानं निळी.
हे रंग मी भरायचो, टेबलावर ओणवा,
ब्रशाचं टोक ओठांत ओढून बारीक करत.
अकरा नंबरला तेव्हा नंबर नव्हता, गोठा होता.
इंगवल्यांच्या थोरल्या भावाचा. चौदा म्हशी.
पहाटे लोक पेले घेऊन उभे राहायचे,
धार थेट पेल्यात, फेस मिशीला.
साहेब म्हणाले, 'ही पेन्सिलची खूण कसली? पुसा.'
मी खोडरबर फिरवला, भुगा फुंकला,
वर पिवळा दिला. सपाट, एकसारखा, डाग नाही.
साहेबांनी शाबासकी दिली.
त्या साली पाडव्याला म्हशी आल्या मिरवणुकीत,
शिंगं रंगवलेली, मोरपिसं लावलेली,
पण आल्या त्या वडणग्याहून.

सुनावणीला डॉक्टर मगदूम एकट्याच आल्या.
तिशीची पोर, मनगटावर ओरखडे.
रात्री जनावर ठेवणार नाही म्हणाल्या,
कचऱ्याची गाडी वेगळी लावीन म्हणाल्या.
रस्त्याबद्दल काही म्हणाल्या नाहीत.
रस्ता त्यांना थोडाच रुंद करता येतोय.
मी उठून वाचायला लागलो. 'पिवळ्या विभागात...'
'काका,' त्या मध्येच बोलल्या,
'कुत्र्याला दोनच रंग नीट दिसतात.
पिवळा आणि निळा.'
कुणीतरी हसलं. मला पुढची ओळ सापडेना.
अधिकाऱ्यांनी तारीख दिली, मंगळवारची.

येताना पाहिलं तर अकरा नंबरपुढं रिक्षा.
बालिंग्याचा एक पोरगा, मांडीवर शेळी,
पोट डाव्या अंगाला हलगीसारखं ताणलेलं.
'डॉक्टर हाईत का? बोर्ड बघून आलोय.'
कंपाउंडला बोर्ड आहे खरा. आत नुसतं गवत.
'अजून नाहीत,' मी म्हणालो.

अजून.
माझ्याच तोंडून.
काखेत हरकतीची फाईल, चोवीस सह्यांची.

इंगवले तोवर रिक्षात वाकले होते.
शेळीच्या बरगडीमागं दोन बोटं टिचकावली, कान लावला.
'ओला घास खाल्लाय लई. फुगलीय.
अय, गोडं तेल आण गं वाटीभर!'
तिचं तोंड वर धरून ते थेंब थेंब पाजत राहिले,
बोळक्या बाळाला औषध पाजावं तसं शिव्या देत.
'खाली उतर आता, चालव तिला.'

मग तो पोरगा आणि शेळी
सहा मीटर रस्त्यावर फेऱ्या मारत राहिले,
हुक्केरींच्या तिरक्या गाडीला वळसा घालून.
गॅलऱ्यांतनं सगळी कॉलनी बघत होती.
शेळी ढेकर कधी देते,
याकडं चोवीस घरांचे कान.

मंगळवारी काय होईल, ठाऊक नाही.
रस्ता सहाच मीटर आहे, हे मी परत वाचणार.
इंगवले हात धुवायला गेलेत,
फाईल माझ्याकडंच आहे,
वरच्या पानावर तेलाचा एक डाग.
पिवळा.