तीन टिंबं

जयगडचा दिवा साडेचारला गेला.
विझला नाही, धुक्याने गिळला.
मग आमची नाळही गेली,
नाळेवर उभा केलेला बिपीन सुर्वे गेला,
वॉकीटॉकीत त्याचं नाक ओढणं तेवढं उरलं.

इंजिन मंद. दर दोन मिनिटांनी भोंगा.
रडारवर समोर एक कण,
एका फेरीत उमटे, दुसरीत नाही.
लाट असेल. लाकूड असेल.
मेणाच्या पेन्सिलीने मी काचेवर टिंब काढलं.
तीन मिनिटांनी दुसरं.
आणखी तीन मिनिटांनी तिसरं.
पट्टी लावायची गरज पडली नाही:
तिन्ही एका ओळीत,
आणि ओळ येत होती मधोमध,
मी उभा होतो तिथे.

बुधलच्या खाडीतोंडाशी बाबा
समोरचं गलबत वल्ह्याच्या खुंट्याशी धरून बघत.
खुंट्याच्या पुढे सरकलं, तर पुढून जाईल.
मागे पडलं, तर मागून.
"आनि खुट्याला चिकटून ऱ्हायलं
नि मोठं होत गेलं, तर समज,
तुजाच पावणा."

"उजवीकडे चाळीस," मी म्हटलं.
सुकाणूवरच्या लॉरेन्सने भुवई उचलली.
पाच-पाच अंशांनी चाचपडत वळलेलं
कुणाला कळत नाही.
पलीकडे काच असेल, नसेल,
असलीच तर तीवर दिसावं
की इकडे कुणीतरी वळलं.

चौथं टिंब ओळ सोडून पडलं.
पाचवं आणखी बाजूला.
तेव्हा बिपीनचा आवाज:
"साहेब, डावीकडे भांडी वाजतायत."

दार उघडून पंखात गेलो.
मतलई वारा, ओला,
त्यात भाजल्या सुकटीचा वास,
आणि डबे. तेलाचे रिकामे डबे,
डोलकाठीला सुतळीने बांधलेले,
कुणाच्या तरी रडारला आपण दिसावं म्हणून.
एकमेकांवर आपटत, सावकाश, उत्तरेकडे गेले.
दिसलं काहीच नाही.

वहीत लिहिलं: पाच दहा. मच्छीमार होडी.
डावीकडून, तीन केबल.
होडीचं नाव: रकाना कोरा.

काच बाहीने पुसली.
मेण धड निघत नाही,
तिसरं टिंब फरपटत राहिलं,
आणि त्याच्या फरपटीखाली, नैऋत्येला,
नवं काहीतरी उमटलं. एका फेरीत. दुसरीतही.

पेन्सिलीचा कागद मी
आणखी एक वेढा सोलला.