इतर

बिलावलीच्या पाळीवर काटा माझा.
म्हणजे संस्थेचा, पण एकोणीस वर्षं
त्याच्या पारड्यातलं पाणी मीच पुसत आले.
वहीत चार रकाने आखायचे:
कटला, रोहू, मृगळ
आणि चौथा, इतर.

इतरमध्ये काय नव्हतं?
खवली, पहाटेचा उजेड आधी जिच्यावर पडायचा.
शिंगटा, हात घातला की बोट फोडणारा.
चालट, विळीच्या पात्यासारखी, नुसती काट्यांनी भरलेली,
जी दुलीचंद केवटाची आई काट्यांसकट कुटून
तिचे वडे थापायची.
वाम. मुरी. आणि काचकी,
जिच्या अंगातून टोपलीची वीण दिसायची.
सगळ्यांचं मिळून एक वजन.
तीन किलो चारशे. चार किलो.
कुणी नाव विचारलं नाही,
मीही लिहिलं नाही.

मग कुणीतरी मांगूर सोडला.
कुणी म्हणतं बंदी आल्यावर एका टाकीवाल्यानं
रात्री ड्रम उपडे केले.
कुणी म्हणतं गळवाल्यांनीच,
मोठं काही लागावं म्हणून.
रेशीमवाले (सीतलामाता बाजारात साड्यांचं दुकान)
दर रविवारी घडीची खुर्ची घेऊन यायचे.
पहिल्या साली सहा किलोचा. पुढच्या साली नऊ.
फोटोत मासा हात लांब करून पुढे धरायचा,
म्हणजे मागचा माणूस लहान दिसतो
आणि तरी मोठा होतो.
"बाई, तेवढं वहीत लिहा, तारखेसकट."
संस्थेचा मासा नव्हता तो.
तरी लिहिलं, शेवटच्या पानावर, लाल शाईनं.
एवढ्या मोठ्या जिवाला
इतरमध्ये कसं टाकायचं?

चौथ्या रकान्यात तोवर
चाराचं दीड झालं होतं,
दिडाचं सहाशे ग्रॅम.
दुली म्हणाला, बारीक जाळं दोन महिने भिजलंच नाही.
मला वाटलं, पाऊस कमी.
मला वाटलं, पलीकडच्या कॉलनीचं साबणाचं पाणी.
कारण शोधायला गेलं की
मला नेहमी लांबचंच सापडतं.

पंधरा किलोचा आला त्या दिवशी
पाळीवर जत्रा. पोरं झाडावर.
काट्याची सुई थरथरत राहिली, मी बोट लावलं नाही.
रेशीमवाल्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं नाही सांगत,
तीन वर्षं ते ह्याच्याच मागे होते.
फोटो झाला. मग दुलीच्या बायकोनं पोट चिरलं.
मी वाकून बघितलं. खवली असेल, वाटलं, निदान एखादा शिंगटा.
आत बोटभर लांबीचे तीन मासे,
मिशा फुटलेले.
त्याचेच.
कुणी काही बोललं नाही. एका पोरानं विचारलं,
"इसको दूसरा कुछ नहीं मिला क्या?"

फोटो आता साड्यांच्या वर टांगलाय.

साहेब आले महिन्याभरानं.
कुठली जात किती घटली, नावानिशी आकडे हवेत, म्हणाले.
एकोणीस वह्या काढल्या.
इतर. इतर. इतर.
माझंच वळणदार अक्षर.

संध्याकाळी दुलीच्या आईकडे गेले.
तिला आता दिसत नाही,
पण बोटं हवेत धरून ती लांबी सांगते.
माझी खवली तिची पोठी,
माझा शिंगटा तिचा टेंगरा,
चालटीला ती पतोला म्हणाली आणि हसली,
तोंडात काटा आल्यासारखी.
लाल शाईच्या खाली मी लिहीत गेले, अकरा झाली.
मग ती थांबली.
अजून एक होती, म्हणाली, एवढीशी,
टोपलीतून उडी मारून माझ्या पायावर पडायची.
काय म्हणायचे तिला?
बराच वेळ तिनं अंगठा घोट्यावर फिरवला.
कुछ नहीं.
उचलायचो, परत टाकायचो.

तिच्यासाठी एक ओळ कोरी सोडली आहे.