फुटका माल

आडिवऱ्याच्या पुढे सडा जिथे एकदम तुटतो,
तिथल्या चिरेखाणीवर मी तीन हंगाम लिखाईला होतो.
खाली समुद्र. दिसायचा दिवसभर,
ऐकू यायचा फक्त मशीन बंद झाल्यावर.

मशीनवर हणमाप्पा, इंडीकडचा.
रुमाल लाल, पापण्या लाल,
रविवारी धुतलेला सदराही वाळेपर्यंत लाल.
रत्नव्वा बारा जणांच्या भाकऱ्या थापायची,
तेरावी स्वतःची, ती उभ्यानेच खायची.
आणि धाकटू गुरव. खालच्या वाडीतलाच,
पण शेडमध्ये निजणारा.
का, ते कुणी विचारलं नाही.
खाणीवर मागचं विचारत नाहीत,
विचारलं तर आपलंही सांगावं लागतं.

कोपरा उडालेला चिरा गाडीत चढत नाही.
धाकटू असे चिरे उचलून करवंदीच्या जाळीमागे नेऊन रचायचा,
प्रत्येकावर चुन्याचं एक बोट.
"फुटका म्हनून काय झालं, वो,
भिंतीत गेला की तोपन भिंतच."
दोन खोल्यांना किती लागतील, त्याने मला विचारलं.
मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला :
अकराशे. खिडकी सोडली तर थोडे कमी.
"सोडायची कशाला?" हणमाप्पा म्हणाला,
त्याला तर कुणी विचारलंही नव्हतं.

त्या रात्रीपासून घर चौघांचं झालं.
हणमाप्पाने खिडकी मागितली, माणूस झोपल्या झोपल्या
बाहेर बघेल एवढी खाली.
रत्नव्वा म्हणाली, चूल मी सांगेन तिथे,
आणि दाराला आतून कडी.
कडीचं ती दोनदा म्हणाली.
मी एक फळी मागितली. फळीवर काय ठेवणार
ते मला तेव्हाही माहीत नव्हतं.
जागा कुणाची, सातबारा कुणाचा,
हे विचारणारा एकच होता आमच्यात, हिशेब येणारा,
आणि तो गप्प बसला.

फेब्रुवारीत धाकटूची छाती भरली.
रत्नागिरीला सिव्हिलमध्ये नेला तेव्हा
टेम्पोच्या मागून ओरडून म्हणाला, सहाशे चाळीस झाले,
मोजून ठेवा.

मी मोजून ठेवले.
चौथ्या दिवशी मालकाचा माणूस गाडी घेऊन आला,
किनाऱ्यावर कुणाचं रिसॉर्ट होतंय,
कुंपणाला फुटकाही चालतो म्हणाला.
हणमाप्पाने मशीन थांबवलं. माझ्याकडे बघितलं.
समुद्र ऐकू आला.
मग त्याने पुन्हा मशीन सुरू केलं.
आणि मी लिहिलं, अक्षर माझं चांगलं आहे :
फुटका माल, नग सहाशे चाळीस, दर निम्मा.

धाकटू परत आलाच नाही,
म्हणजे त्याला काही सांगावं लागलं नाही.
हे मी सुटका झाल्यासारखं म्हणतो
आणि म्हटल्यावर जीभ लाल लागते.

रत्नव्वा मे महिन्याच्या आत गेली,
कुणाबरोबर की एकटीच, यावर शेडमध्ये पैजा लागल्या.
खाणीला पाणी लागलं, खाण बंद पडली,
आता तिथे पोरं उड्या मारतात म्हणे.

त्या कुंपणावरून मी एकदा गेलो.
गिलावा केलेला नाही, चिरा तसाच उघडा ठेवलाय,
हल्ली तेच आवडतं लोकांना.
चुन्याची बोटं पावसात गेली असतील असं वाटलं होतं.
काही गेली होती.

परवा रात्री हणमाप्पाचा फोन आला,
गोव्याच्या हद्दीजवळ कुठल्याशा खाणीवरून.
मागे कुणी हसत होतं, भांडी वाजत होती.
बरा आहेस का, मी बरा आहे, एवढं झालं,
मग बराच वेळ नुसता वारा.
मग म्हणाला, भाऊ,
इथे पोरांना सांगत होतो,
खिडकी आपण कुठल्या अंगाला काढली होती?

मी म्हटलं, पश्चिमेला.
तो म्हणाला, हां. पश्चिमेला.
आणि मला ऐकू आलं,
तो वळून कुणाला तरी ते सांगत होता.