उजेडासमोर धरून

बत्तीस वर्षं नाशिकरोडच्या छापखान्यात
मी नोटा तपासल्या.
दहाच्या नोटेला मागून गेंडा, हत्ती, वाघ,
पुढून माणूस.
कागद उजेडासमोर धरला की
सगळे एकमेकांतून दिसत.

आता निवृत्त. जेलरोडच्या वाचनालयातून
दक्षिण आफ्रिकेची कादंबरी आणलीय.
मांडीवर शब्दकोश, दिवसाला चार पानं.
तिकडं एक बाई, एक पवनचक्की, नऊशे मेंढ्या,
तिसऱ्या वर्षीही न आलेला पाऊस
आणि टेकाडामागं बिबट्या.
बाईनं त्याला नाव दिलंय.
कोरड्या नदीच्या वाळूतला त्याचा ठसा
दीड पान चाललाय. सुंदर आहे, खोटं कशाला बोलू.
मेंढ्या राखणारा मात्र
शंभर पानं नुसताच 'गडी'.
एकशे चौदाव्या पानावर कळतं,
तो जिथं कुंपणाची तार ओढतो
तिथं त्याचा बाप पुरलाय.

मी पुस्तक पालथं ठेवलं. चहा केला.

त्या जमिनीला शब्दकोश म्हणतो 'गवताळ प्रदेश'.
प्रदेश! भूगोलाच्या पेपरातल्यासारखा.
मी माळ म्हणतो.
सिन्नरच्या पल्याड आहे तसाच,
मोज्यात कुसळं भरणारा.

मागच्या माघात निफाडला
भाच्याच्या उसाला तोड आली होती.
सरीत तीन पिल्लं, डोळे नुकते उघडलेली.
कोयता वरच्या वर थांबला.
वनखात्यानं द्राक्षाच्या क्रेटमध्ये ती ठेवली,
कॅमेरा लावला.
रात्री पावणेतीनला मादी आली,
एकेकाला मानगुटीला धरून घेऊन गेली.
पेपरात चार फोटो. खाली ओळ :
'ही पिल्ले एका मजूर महिलेस आढळली.'

ती जिवली भोये. सुरगाण्याकडची.
तिचं पोर त्याच बांधावर
लुगड्याच्या झोळीत झोपलं होतं.
हे भाच्यानं सांगितलं,
ऊस किती टन भरला ते सांगून झाल्यावर.
त्या रात्री पोर पाठीला बांधूनच तिनं भाकरी थापल्या,
कोपीच्या तोंडाशी जाळ ठेवला,
आणि उजाडल्यावर तोच फड.
मादी पिल्लं न्यायला आली तेव्हा
तू जागी होतीस का,
असं तिला कुणी विचारलं नाही.
मीही नाही. दीड महिना होती ती तिथं.

कादंबरी संपत आलीय.
गड्याला शेवटी नाव मिळालं.
त्यात जीभ टाळूला आपटून 'टक्' करावं लागतं,
बैलाला हाकताना करतात तसं.
मी रात्री ओट्यावर बसून म्हणून बघतो.
शेजारचं कुत्रं कान टवकारतं.

एकशे चौदाव्या पानाच्या समासात
पेन्सिलीनं लिहिलं : जिवली भोये.
ग्रंथपाल कुलथे खोडरबर फिरवतील, नियमच आहे.
पण मी पेन्सिल जरा दाबून धरली होती.
जुनी सवय, पान उचलून ट्यूबसमोर धरलं.
पलीकडं, एकशे तेरावर,
बिबट्या वाळूतून चाललाय
आणि त्याच्या ओळींशेजारी तिचं नाव.
उलटं आहे.
वाचायला वेळ लागतो.