सतरा आठे

मनीष मार्केटातून आणलेला, साडेसातशेचा,
काडेपेटीहून थोडा लांब.
गाणी मढ नाक्यावरच्या दुकानात भरली,
पन्नास रुपयांत मावतील तेवढी.
काय भरतोय ते दुकानदाराने बघितलं नाही,
मीही नाही.

'जानकीमाते'वर आम्ही दोघंच, पोशामामा आणि मी.
दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला तो डबा
बनियनच्या आत, कारण पाणी कुठूनही येतं.
इंजिन चालू असेपर्यंत ऐकू काहीच यायचं नाही,
नुसता कानात एक गरम मुंगळा.
वर्सोव्याचे दिवे मागे पडून एकमेकांत मिसळले
की मामा इंजिन बंद करायचा,
आणि गाणं एकदम एवढं मोठं व्हायचं
की मी दचकून होडीची कड धरायचो.

"मना पन दे येक."
मामाचा डावा कान इंजिनने तीस वर्षांत खाल्लेला,
म्हणून उजवी गोळी त्याला, डावी मला.
वायर हातभर.
तो जाळ्याकडे वाकला की मीही वाकायचो,
मी शिंकलो की त्याचं गाणं निसटायचं.

सहाव्या गाण्यानंतर सातवं गाणं नव्हतंच.
कुणाचं तरी पोर, कुणाच्या तरी घरात,
सतराचा पाढा म्हणत होतं.
मागे कुकरची शिट्टी, एका बाईचं "मोठ्याने!"
सतरा साते एकोणीसासे,
सतरा आठे…
सतरा आठे…
मग खोकला. मग आठवं गाणं, ढोलकीसकट.

पहिल्या रात्री आम्ही हसलो.
दुसऱ्या रात्री मामा म्हणाला, छत्तीसासे.
चौथीत शाळा सुटलेला माणूस.
त्यानंतर रोज. वागरा सोडून झाला,
विडी पेटली, पोर अडलं,
आणि काळोखात, कुणालाच नाही,
"छत्तीसासे, बाला."
ते पुसून टाकणार होतो मी.
नाही पुसलं.

भाद्रपदातला भांग, पाणी थिजल्यासारखं.
मामाने गोळी कानातून काढली,
वल्हं उभं पाण्यात सोडलं
आणि मुठीला कान लावला,
दाराआडचं बोलणं ऐकावं तसा.
"आता तुजा बंद कर. यांचा आयक."
मी बंद नाही केलं.
एका कानात बाजा, दुसऱ्याला ओलं लाकूड,
लाकडातून कर्र, कर्र,
कुणीतरी खूप खोल बसून सुपारी कातरतंय.
"घोल," मामा म्हणाला. "नर हाय. बायकोला हाका मारतंय."
आणि मग त्याने काय करावं, तर माझी गोळी ओढून
वल्ह्याच्या मुठीवर अंगठ्याने दाबून धरली,
गाणं संपेपर्यंत.
"त्याना पन आयकू दे."

खाली सगळं गप्प.
आवडलं की भ्यायले, यावर आम्ही सकाळपर्यंत भांडलो.
वागऱ्यात त्या दिवशी दोन सुरमया
आणि कुणाची तरी डाव्या पायाची चप्पल.

दुसऱ्या वर्षी डब्यात मीठ शिरलं.
पडद्यावर एक रेघ उरली, मग तीही नाही.
मामाचे गुडघे गेले, तो आता ओट्यावर बसून
जाळी सांधतो, टीव्हीचा आवाज बंद ठेवून.
माझ्या फोनमध्ये इतकी गाणी आहेत
की कोणतं लावावं यातच पाणी फिरतं.
सतराचा पाढा त्यात नाही.

परवा इंजिन बंद केलं, वल्हं सोडलं, कान लावला.
जुहूसमोर पुलाचे खांब ठोकतायत.
धप्प.
लाकूड जबड्यापर्यंत हलतं.
धप्प.
मधल्या जागेत कुणी ओरडतं का, सांगता येत नाही.
माझ्यासोबत आता सुकरा असतो, झारखंडचा,
कानांत बिनवायरच्या गोळ्या, दोन्ही त्याच्याच.
तो बघत होता, नाखवा लाकडाला कान लावून
काय मोजतोय.

सहा. सात. आठ.
आणि हातोडा थांबला.

मी म्हटलं, "छत्तीसासे."
सुकराने एक गोळी काढली,
"क्या?"